गोड आवाजाचा खटका

खटकेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. घडीचे चाकू बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात नकाशे काढण्यात घालवली, आणि एवढ्या वर्षांत लोकांच्या लक्षात राहील अशी एकच गोष्ट त्यांच्या हातून झाली, ती म्हणजे चाकूचा खटका. पातं उघडलं की मुठीच्या आतली पोलादी पट्टी सरकते, पात्याच्या टाचेमागे जाऊन बसते आणि पातं परत बोटांवर मिटू देत नाही. तो खटका. कारखान्यात आधीही खटके होतेच. पण त्यांचा आवाज यायचा ‘थप’, ओला टॉवेल फरशीवर पडावा तसा. साहेबांच्या नकाशाप्रमाणे बनलेला चाकू उघडला की ‘खट्ट!’ असा कोरडा, ठणठणीत आवाज यायचा. दुकानात गिऱ्हाईक चाकू हातात घ्यायचं, उघडायचं, आवाज ऐकून हसायचं, मिटून पुन्हा उघडायचं, आणि मग आपसूक खिशात हात घालायचं. कारखान्याचे मालक म्हणायचे, “आपण आवाज विकतो. चाकू वर फुकट.”

हे वाक्य साहेबांनी किती जणांना ऐकवलं असेल त्याला गणतीच नाही. घरातल्या लग्नात, बारशात, कुणाच्या नव्या घरात जाताना साहेबांकडून भेट ठरलेली: एक चाकू. थोरल्या बहिणीला दिला, मेहुण्याला दिला, न्हाव्याला दिला, बागेत झाडं छाटायला येणाऱ्या माळ्यालाही दिला. देताना आधी स्वतः कानाजवळ धरून उघडून दाखवायचे आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबायचे. समोरच्याला “वा!” म्हणावंच लागायचं.

माणूस वाईट नव्हता. नीटनेटका होता, कामाला चोख होता, दारू नाही, शिवी नाही. फक्त नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्यांची चूक कुणी दाखवली तर ते भांडत नसत. भांडले असते तर बरं झालं असतं, दोन शब्द होऊन विषय संपला असता. त्यांचा नुसता चेहरा उतरायचा. खालचा ओठ आत जायचा, नजर कुठेतरी भिंतीपलीकडे लागायची, आणि मग घरात किंवा ऑफिसात अशी शांतता पसरायची की फाईल उघडतानाही माणसं हळू उघडायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी बायकोने एकदा सांगितलं होतं की तुम्ही ठोकलेली फळी तिरकी आहे, तिच्यावर ठेवलेला डबा घरंगळतो. साहेब काही बोलले नाहीत. एका दुपारी त्यांनी ती फळी काढून टाकली, आणि कितीतरी दिवस घरात “हो”, “नको” याच्यापलीकडे बोलणं झालं नाही. भिंतीतली खिळ्यांची भोकं अजून तशीच आहेत. फळी काही परत लागली नाही, आणि बायकोनेही नंतर कुठल्या तिरक्या गोष्टीकडे बोट दाखवलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने समारंभ केला. मालक बोलले, हिशेबनीस बोलले, सगळ्यांनी खटक्याची तारीफ केली. साहेब उभे राहिले, भाषण केलं, आणि शेवटी खास म्हणून टेबलावर मांडलेला नवाकोरा चाकू उचलून माइकजवळ नेला. “हा माझा आवाज,” असं म्हणून त्यांनी तो उघडला.

आवाज आला ‘थप’.

साहेबांनी माइकवर टिचकी मारली. “माइक बिघडलाय!” ते म्हणाले. सगळं सभागृह हसलं. साहेबही हसले. पुढे कितीतरी महिने हा किस्सा ते रंगवून सांगत असत.

निवृत्तीला वर्ष होत आलं असेल तेव्हा थोरली बहीण दुकानाच्या पायरीवरून घसरली आणि तिचा घोटा मुरगळला. तिचं फुलांचं दुकान होतं. लहानसंच, दोन गाळ्यांमध्ये कसंबसं कोंबलेलं. दारात पाण्याच्या बादल्या, बादल्यांत देठासकट फुलं, आत एक लाकडी टेबल. नवरा गेल्यापासून त्या टेबलावर तिने घर चालवलं होतं. डॉक्टरांनी चार दिवस पाय टेकू नका म्हणून सांगितलं, आणि ऑर्डरी तर घेतलेल्या. साहेबांनी निरोप धाडला, “ताई, मी बसतो दुकानात. देठंच कापायची ना? चाकू मला काय नवीन आहे!”

ताईने फोनवर सगळं समजावलं. कुठली फुलं कुणाची, कुठला कागद कशाला. शेवटी म्हणाली, “आणि हे बघ धाकट्या, कात्री वापर. मोठी कात्री खिळ्याला आहे. चाकूला हात लावू नकोस.”

“का?”

“अरे, ओले हात असतात. तुला सवय नाही.”

साहेबांना थोडं लागलं. ज्याने चाकू घडवला त्यालाच सांगते, हात लावू नकोस! पण मोठी बहीण म्हणून गप्प बसले.

पहिले तीन दिवस कात्रीवर निभले. चौथ्या दिवशी सकाळी जाड, लाकडासारख्या देठांची फुलं आली. अशा देठाच्या बुडाला उभी चीर द्यावी लागते, म्हणजे फूल पाणी पितं. कात्रीने ते जमेना. साहेबांनी टेबलाचा खण उघडला. आत सुतळीच्या गुंड्याखाली त्यांना आपला चाकू दिसला. बहिणीला भेट दिलेला, मुठीवर तिच्या नावाचं अक्षर कोरलेला. पण त्याचं रूप बघून त्यांना ओळख पटायला क्षणभर लागला. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती मुठीभोवती आणि पात्याच्या बुडाभोवती आवळून गुंडाळली होती. चाकू उघडाच्या उघडा. मिटणारच नाही असा जखडलेला. पात्यावर पुठ्ठ्याचं म्यान.

“हा काय अडाणीपणा!” साहेब स्वतःशीच म्हणाले. ताईला घडीचा चाकू वापरताच येत नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी नखाने रबराचं टोक शोधलं, वेढे सोडवले, मूठ फडक्याने पुसली आणि चाकू मिटून उघडला. खट्ट. जीव निवला.

इतक्यात जवळच्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी बाई आत आली. टेबलावर ठेवायला ती दर आठवड्याला फुलं न्यायची. साहेब म्हणाले, “बसा, देतो बांधून,” आणि जाड देठाच्या बुडात त्यांनी चाकूचं टोक घातलं. टोक रुतलं. काढायला त्यांनी मूठ मागे हिसकली, आणि काही कळायच्या आत पातं मिटलं. मधल्या बोटाच्या पेरावर मिटलं. फार खोल नाही, पण रक्त असं आलं की कागदावर थेंब टपटपले.

“अगबाई!” बाईने पर्समधून रुमाल काढून त्यांच्या बोटाभोवती घट्ट धरला. “तुम्ही रबर काढलंत की काय? ताईंनी सांगितलं नाही तुम्हाला? त्या चाकूचं रबर काढायचं नसतं!”

साहेबांनी टेबलावर पडलेल्या रबराकडे बघितलं.

“अहो, त्यांनाही असंच लागलं होतं. टाके पडले होते. तेव्हापासून त्या तो बांधून ठेवतात. मी म्हटलं, टाकून द्या ना मेला, नवा घ्या. तर म्हणाल्या, माझ्या भावाने केलेला आहे, कसा टाकू?” बाई रुमालाची गाठ मारता मारता हसली. “आणि गंमत सांगू? तो भाऊ यायचा असला की आधी रबर सोडून ठेवतात, चाकू पुसून समोर मांडतात. तो गेला की परत बांधतात. मी एकदा बघितलंय. म्हणाल्या, त्याला कळलं तर जेवायचा नाही. कोण तो भाऊ, देव जाणे! मोठा साहेब आहे म्हणे कुठेतरी.”

“हं,” साहेब म्हणाले.

“तुम्ही त्यांचे कोण?”

आता खरं सांगायचं होतं. “मी... ओळखीचा,” ते म्हणाले. “मदतीला आलोय.”

सख्ख्या बहिणीच्या दुकानात, तिच्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी स्वतःला ओळखीचा करून टाकलं. बाई फुलं घेऊन गेली. साहेब स्टुलावर बसले. ताईच्या तळहाताजवळ एक पांढरट व्रण होता, तो त्यांना आठवला. त्यांनी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, “काटा लागला रे.” असा सरळ रेघेसारखा काटा कुठला, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. आलं असतं तर चाकू विसरून बहिणीचा हात बघावा लागला असता. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुकानात कुणी नव्हतं तरी त्यांना तोंड लपवायला जागा हवीशी वाटली.

दुपारी गाळा बंद करून, ताईचा चाकू खिशात घालून ते घरी आले. बायकोने रुमाल सोडला, जखम धुतली आणि औषध लावायला घेतलं. काय झालं, कशाने झालं, एका शब्दाने विचारलं नाही. तिच्या त्या न विचारण्यानेच साहेबांना सगळं कळलं.

“तुला माहीत होतं?”

ती पट्टी गुंडाळत राहिली.

“खटका धरत नाही, हे तुला माहीत होतं?”

“सगळ्यांना माहीत होतं,” ती हळूच म्हणाली. “नव्यात बरा असतो. वापरून वापरून ढिला होतो. माझ्या भावाने त्याचा चाकू नुसता पत्रं उघडायला ठेवलाय. माळ्याने कुणाला तरी देऊन टाकला. न्हावी म्हणाला, वहिनी, साहेब येतात तेव्हा आरशापुढे ठेवतो, काळजी करू नका.”

“मग मला का नाही सांगितलं कुणी?”

तिने पट्टीचं टोक दाताने तोडलं आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. “तुम्हाला?” ती म्हणाली.

एवढंच. ना रागाने, ना टोमणा मारून. भिंतीला रस्ता का नाही विचारलास, असं एखाद्याने म्हणावं आणि आपण नुसतं “भिंतीला?” म्हणावं, तसं. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली घालून ते बसत, आणि आरशापुढे मांडलेला आपला चाकू बघून त्यांना केवढं बरं वाटत असे. तो त्यांच्यासाठी मांडलेला असायचा. आजारी माणसासमोर बरं बरं बोलतात तसा.

त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. म्हणजे ताईचं म्हणणं खरंच निघालं. साहेब खिडकीजवळच्या टेबलाशी बसले, मुठीचे स्क्रू काढले, चाकूचे भाग कागदावर मांडले आणि भिंग घेतलं. नकाशे काढणाऱ्या माणसाला एकदा बघायचं ठरवल्यावर दिसायला वेळ लागत नाही. आजवर बघायचंच नव्हतं.

तो आवाज कुठून आणला होता, हे त्यांना पाठ होतं. पट्टीला ताण जास्त दिला होता, म्हणजे ती जोरात सरकेल. तिचं टोक अरुंद ठेवलं होतं, म्हणजे पात्याच्या टाचेवर पूर्ण न टेकता एका कोपऱ्याने फटकन आपटेल. तोच ‘खट्ट’. म्हणजे ज्या आवाजाला लोक “वा” म्हणत होते तो दर वेळी धातूने धातूला मारलेला एक घाव होता, आणि सगळे घाव एकाच कोपऱ्यावर. पातं कडक पाणी दिलेलं. पट्टी लवायला हवी म्हणून त्याहून नरम. मग झिजणार कोण? पट्टीचं टोक झिजून गोल झालं होतं. झिजलं की पट्टी टाचेमागे आणखी थोडी पुढे सरकायची, पुन्हा झिजली की पुन्हा पुढे, असं करत करत ती पलीकडच्या बाजूला जाऊन टेकली होती. आता पुढे जायला जागाच नव्हती. त्यामुळे पातं मुठीत डुगडुगायचं. आवाज अजून यायचा, खटका बसल्यासारखा दिसायचा, पण धरत काही नव्हता. जरा उलटा हिसका बसला की निसटला.

आणि हे कुणी सांगितलंच नव्हतं असंही नव्हतं. फार वर्षांपूर्वी, नमुना पहिल्यांदा टेबलावर आला त्या बैठकीत, कारखान्याचे जुने मिस्त्री म्हणाले होते, “साहेब, टेकायला जागा ठेवा. एवढ्याशा टोकावर एवढा भार आला तर टोक खाणार. आपला जुना खटका आवाजाला मुका आहे, पण रुंद बसतो, म्हणून टिकतो.” आणि खटकेसाहेबांनी मालकांकडे बघत उत्तर दिलं होतं, “मिस्त्रींच्या कानात कानशीचा कीस भरलाय. त्यांना मुका काय नि बोलका काय!” सगळे हसले होते. मिस्त्री गेली कित्येक वर्षं यंत्रांच्या कलकलाटात काम करत होते, खरंच त्यांना कमी ऐकू यायचं. त्या दिवसानंतर मिस्त्रींनी साहेबांच्या नकाशाबद्दल चांगलं वाईट काही म्हणून म्हटलं नाही.

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. तो विनोद त्यांना शब्दन् शब्द आठवत होता. विनोद म्हणून आठवत होता, आजवर.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात गेले. मनाशी म्हणाले, चूक माझी आहे, तर मीच जाऊन सांगतो, बाजारात आणखी चाकू जायला नकोत. वाटेत हे वाक्य त्यांनी इतक्यांदा घोळवलं की त्यांना स्वतःबद्दल जरा बरंही वाटू लागलं. त्यांच्या जागी आता, पूर्वी त्यांच्याच हाताखाली असलेली एक मुलगी नकाशे काढत होती. तिने लगबगीने खुर्ची दिली, चहा मागवला. साहेबांनी चाकूचे भाग टेबलावर मांडले आणि सगळं सांगितलं. ताण, टोक, झीज. मुलगी ऐकत होती, पण तिची मान खाली खाली जात होती. साहेबांना वाटलं, एवढी मोठी चूक ऐकून घाबरली बिचारी.

“आपल्याला खटका बदलावा लागेल,” ते म्हणाले.

मुलीने खणातून एक चाकू काढला आणि न उघडता त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उघडला.

थप.

“बदललाय, सर,” ती म्हणाली. “आधीच. तक्रारी यायला लागल्या होत्या.”

“कधी?”

“तुम्ही रजेवर होतात तेव्हा.” तिच्या आवाजात एवढं ओशाळलेपण होतं की चोरी तिनेच केली असं वाटावं. “तुमच्या निवृत्तीच्या आधी. मालक म्हणाले, थोडे दिवस राहिलेत त्यांचे, कशाला दुखवायचं. मिस्त्रींनी नवा बसवून दिला. पेटीवर अजून तुमचंच नाव आहे, सर.”

साहेबांच्या हातातला चाकू तसाच उघडा राहिला. निवृत्तीचा समारंभ त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. टेबलावर मांडलेला नवाकोरा चाकू. माइक. माइक ठणठणीत होता. सगळ्या सभागृहाला ठाऊक होतं, एका त्यांना सोडून. लोक माइकला हसले नव्हते. त्यांना हसत होते, असंही नाही. मालकांच्या, हिशेबनिसांच्या, या मुलीच्या त्या हसण्यात सुटल्याचा श्वास होता. बरं झालं, माइकवर गेलं! आणि तो किस्सा त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना, न्हाव्याला, व्याह्यांना, सगळ्यांना हातवारे करून सांगितला होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. साहेबांना ऑफिसातली ती गुळगुळीत फरशी दुभंगेल असं वाटत नव्हतं, म्हणून ते चहा तसाच ठेवून उठले. जिना उतरताना पहारेकऱ्याने सलाम केला. तोही सलाम त्यांना दयेचा वाटला.

मिस्त्रींचं घर त्यांनी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. विचारत विचारत गेले. चाळीसारखी लांब इमारत, समाईक गॅलरी, प्रत्येक दारापुढे चपलांची रांग. मिस्त्री गॅलरीतच पाटावर बसून दाराची बिजागरी तेलाने पुसत होते. साहेबांना बघून उठले, आतून खुर्ची आणली.

साहेब बसले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, “मिस्त्री, मी तुमची माफी मागायला आलोय.”

“आं?”

“माफी मागायला आलोय!”

“मोठ्यानं बोला. यंत्र आत राहिलंय कानाचं.”

“माफी!” साहेब ओरडले. शेजारच्या दारातून एक बाई डोकावली. “त्या बैठकीत मी तुम्हाला बोललो! कानावरून! सगळ्यांसमोर! माझं चुकलं!”

“खटक्यावरून?”

“हो! खटकाही चुकला! तुम्ही बरोबर होतात!”

आता तीन दारं उघडली होती. वरच्या मजल्याच्या कठड्यावर एक आजोबा कोपरं टेकून उभे होते. साहेबांना दरदरून घाम फुटला. मिस्त्रींनी शांतपणे तेलाचे हात पुसले, सदऱ्याच्या खिशातून कानाचं यंत्र काढलं आणि कानात बसवलं.

“खिशातच होतं की,” ते म्हणाले. “हां, आता सांगा सावकाश. काय म्हणत होतात?”

साहेब बघत राहिले. राग यायला हवा होता, पण कुठून आणणार? तोंडात मारल्यावर जसा माणूस गाल चोळतो तसे ते नुसते चेहऱ्यावरून हात फिरवत राहिले. मग खुर्चीत बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी हळू.

“ते मी कधीच विसरलो,” मिस्त्री म्हणाले. “नाही, खोटं कशाला बोलू? नाही विसरलो. कीस काढायला पिचकारी आणू का, असं पोरं वर्षभर विचारायची मला जेवणाच्या सुट्टीत.” त्यांनी चहा सांगितला. “पण नवा खटका मी एका फटक्यात बसवला असं कुणी सांगितलं असेल तर तेही खरं नाही. माझाही पहिला फसला. टेकायला जागा दिली, पण टाचेचा उतार फारच कमी ठेवला. पट्टी अशी घट्ट चिकटून बसायची की उघडलेला चाकू मिटेचना! त्या पोरीनं मला तोंडावर सांगितलं, मिस्त्री, हा चाकू नाही, सुरी झाली. मी तिला नाही नाही ते बोललो. दुपारभर बोललो. मग कानस घेतली.”

“मला असं कुणी तोंडावर सांगितलं नाही,” साहेब म्हणाले. म्हणताना त्यांनाच ऐकू आलं की ही तक्रार झाली.

“तुम्ही नुसते बोलला असतात ना, तर सांगितलं असतं,” मिस्त्री म्हणाले. “तुम्ही बोलत नव्हता. त्याला माणूस जास्त भितो.”

साहेबांनी चहा संपवला. निघताना मिस्त्रींनी एक जुनी पट्टी, रुंद टोकाची, कागदात बांधून दिली आणि म्हणाले, “ताईंच्या चाकूला ही बसेल. पात्याला अडवणारा खिळा जरा जाड घाला, म्हणजे पट्टी अलीकडेच धरेल. सरकायला पुढे जागा राहील.”

तीन-चार दिवस साहेब घरी त्या चाकूवरच होते. टाचेवर कानस फिरवली, पट्टी बसवली, खिळा बदलला. बायको एकदा डोकावून गेली. काही बोलावंसं तिच्या तोंडावर होतं, पण बोलली नाही. साहेबांनाही तिला काही सांगायचं होतं. फळीबद्दल. तेही राहिलंच.

ताई दुकानात यायला लागली होती. पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून बसायची. साहेबांनी चाकू तिच्यासमोर ठेवला. कानाजवळ नेऊन उघडून दाखवला नाही.

“रबराचं मला कळलं, ताई.”

ती चरकली. “अरे, ते आपलं पाण्यानं निसटतं म्हणून...”

“हाताला टाके पडले होते तुझ्या.”

ताईने हात पदराखाली घेतला. साठी उलटलेली बाई, पण लहानपणी भावाची पाटी आपल्याच हातून फुटली म्हणून वडिलांना सांगायची तेव्हा जसा चेहरा करायची, अगदी तसाच. साहेबांना बघवलं नाही. इतक्यात दारात दवाखान्यातली बाई आली.

“अय्या, रबर कुठे गेलं?” तिने चाकू बघितला.

“भावाने नवा करून दिला,” ताई म्हणाली. “हाच माझा धाकटा भाऊ.”

बाईची नजर साहेबांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या बोटाच्या पट्टीवर गेली, आणि ती कानापर्यंत लाल झाली. त्या दिवशी आपण काय काय बोललो, हे एकेक करून तिला आठवत असल्याचं स्पष्ट दिसत होतं. साहेबांना वाटलं, आत्ता नजर भिंतीकडे वळवली की झालं. ती बिचारी फुलं घेऊन निघून जाईल आणि विषय मिटेल. त्यांनी नजर वळवली नाही, पण त्यासाठी टेबलाची कड धरावी लागली.

“त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं,” ते म्हणाले. “ओळखीचा नव्हे, मीच तो. जेवायचा नाही म्हणाल्या होत्या ना ताई? तो.”

बाईने “नाही हो, मी आपलं सहज...” असं काहीतरी पुटपुटत फुलं निवडली, ताईने नव्या खटक्याच्या चाकूने देठं कापून चीर दिली, कागदात बांधली. बाई जवळजवळ पळालीच.

ताईने चाकू मिटला. पुन्हा उघडला. अंगठा थांबला.

“छान झालाय,” ती म्हणाली.

“खरं सांग.”

“छान आहे रे. पक्का धरतो.” मग खाली बघून, “जरा जड उघडतो.”

साहेबांना कळायच्या आत ओठ आत गेला. त्यांना स्वतःला तो जाताना कळला, हेच काय ते नवीन होतं. ताईने तो बघितला मात्र, आणि लगेच दोन्ही हात हलवत म्हणाली, “नाही नाही, माझीच बोटं म्हातारी झालीत. चाकू एकदम मस्त आहे. राहू दे.”

साहेब बादलीपाशी गेले. बादलीतल्या गार पाण्याने तोंड धुतलं, बाहीला पुसलं. एवढ्याशा दुकानात पाठ फिरवून उभं राहायलाही जागा नव्हती. बहिणीला आजही आपल्या तोंडाकडे बघून खोटं बोलावं लागलं, आणि आत जाणारा ओठ आपण दोन श्वासही रोखू शकलो नाही, याची लाज मानेवरून खाली पाझरत होती. ते परत येऊन तिच्यासमोर खाली, बादल्यांच्या मध्ये, उकिडवे बसले आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

“कुठे जड लागतो? दाखव.”

“अरे, कशाला...”

“दाखव, ताई.”

तिने कचरत अंगठा पात्यावर ठेवला. अंगठ्याचं पेर सुजून वाकडं झालेलं होतं. एवढं वाकडं एका दिवसात होत नाही. साहेबांनी तो अंगठा हातात घेतला, उजेडाकडे वळवून नीट बघितला, मग सांध्याचा स्क्रू थोडा सैल केला.

“आता?”

“अजून जड आहे,” ताई म्हणाली. या वेळी तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही, चाकूकडेच बघत होती.

साहेबांनी स्क्रू आणखी थोडा फिरवला.